हिंगाची हजेरी आणि वॉशिंग्टनच्या चार बाटल्या

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी हिंगाची हजेरी व्हायची.

हजेरी घ्यायची माझी आई. ती पुण्याहून आमच्याकडे नेदरलँड्समध्ये ब्रेडाला तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि आल्यावर थोड्याच दिवसांत जगातली सगळी विमानं जमिनीवर बसली. आई बहात्तर वर्षांची. डायबेटिस आहे, बीपी आहे, एक गुडघा कामातून गेलेला आहे. बातम्यांत 'धोका कुणाला जास्त' हे सांगायला लागले, की वाटायचं, आता फक्त आईचं नाव आणि आमचा पत्ता सांगायचा राहिलाय.

त्यामुळे त्या वर्षी मी घाबरलेला होतो. अधूनमधून नव्हे, फुलटाइम! दुधाचे खोके साबणाने धुवायचो. कोथिंबिरीची जुडी आंघोळ केल्याशिवाय घरात येत नसे. दाराशी आलेलं कुरिअर मागच्या अंगणातल्या शेडमध्ये सायकलींशेजारी तीन दिवस विलगीकरणात राहायचं. माझी बायको अश्विनी एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहे, तिचं डोकं ठिकाणावर असतं. ती म्हणायची, "मंदार, अरे केळ्याला साबण लावू नकोस, ते सोलूनच खातात." पण माझं एकच म्हणणं होतं. हा आजार या घरात आणायचाच असेल तर कुणीही आणो, मी आणायचा नाही.

हिंगाची कल्पना मात्र आईची. तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की या आजारात आधी वास जातो. आईने त्यावर विचार करून निकष ठरवला. "ज्याला हिंगाचा वास येत नाही, तो माणूस आजारी. बाकी टेस्टबिस्ट नंतर." झालं. रोज सकाळी ती स्टीलची छोटी डबी उघडून जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. मी, अश्विनी आणि आमची नऊ वर्षांची इरा, एकेकाने नाक पुढे करायचं.

"येतोय?"

"येतोय."

"येतोय, आई."

"या," इरा म्हणायची. (म्हणजे डच भाषेतलं 'हो'. तिला मराठी सगळं कळतं, फक्त ती ते परत करत नाही.)

मग आई डबीचं झाकण लावायची आणि चहा मिळायचा.

अशात आमच्या बॉसला आमचं मनोबल वाढवायची इच्छा झाली. ग्रेग हा आमचा वॉशिंग्टनमधला बॉस. (वॉशिंग्टन म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं नव्हे. नकाशात वर डाव्या कोपऱ्यात याच नावाचं एक राज्य आहे, तिथे सफरचंदं, विमानं, सॉफ्टवेअर आणि द्राक्षं पिकतात.) लॉकडाउनमध्ये त्याने आमच्याकडून ऑनलाइन योगासनं करून घेतली होती, ऑनलाइन अंताक्षरीसारखं काहीतरी करून घेतलं होतं. आता म्हणाला, माझ्या राज्यातल्या वाइन आपण सगळे मिळून चाखू या. चार वायनरी, द्राक्ष एकच, सिरा नावाचं. चारही चाखायच्या आणि कुठलीत काय वेगळं आहे ते सांगायचं. जो नीट सांगेल त्याचं कौतुक.

खोका आला. आत चार चिमुकल्या बाटल्या, खोकल्याच्या औषधाएवढ्या. आमच्या घरात दारूचा संबंध आजवर खोकल्याच्या औषधापुरताच होता, त्यामुळे त्या बघून मला जरा बरं वाटलं. आईला मात्र कळता कामा नये, हे मी आणि अश्विनीने ठरवलं. आई रागावली नसती. गप्प झाली असती आणि दोन दिवस फक्त वरणभात केला असता. त्यापेक्षा रागावलेलं परवडतं.

शेडमध्ये आमचा एक फ्रीझर आहे. तिथे जायला कठडा नसलेल्या दोन पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून आई जात नाही. मी बाटल्या विलगीकरणातून सोडवल्या आणि शुक्रवारी सकाळी मटार आणि पराठ्यांच्या पाकिटांमागे लपवल्या. लपल्याही आणि गारही झाल्या. दारू गार असते, एवढं ज्ञान मला इंजिनिअरिंग कॉलेजपासून होतं.

इराला बजावलं, "आजीला सांगायचं नाही."

"इज इट इल्लीगल?"

"नाही गं."

"देन व्हाय?"

मी तिच्या हातात बिस्किट दिलं.

संध्याकाळी सहा वाजता मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसलो. तिकडे सकाळचे नऊ. नऊ वाजता वाइन घेऊन बसलेली ती मंडळी आंघोळ करून, केस विंचरून आली होती, याचं मला कौतुक वाटलं. वर पहिल्या मजल्यावर आई कानात इयरफोन घालून टॅबलेटवर मालिका बघत होती. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि डच घरात पंखा नसल्यामुळे दिवाणखान्याची भट्टी झाली होती. मी चार ग्लासांत चार वाइन ओतल्या. ओतताना त्या जरा जाड पडल्या, बर्फाचे तुकडेही दोनचार पडले. ग्लासांवर बाहेरून धुकं आलं. मला ते फार प्रोफेशनल वाटलं.

द्राक्षाच्या मळ्यात उभी राहून एक बाई आम्हाला शिकवत होत्या. म्हणाल्या, ग्लास फिरवा, नाक आत घाला, घाई करू नका. आता सांगा, पहिल्या वायनरीच्या वाइनमध्ये काय सापडतंय?

"ब्लॅकबेरी," योस्ट म्हणाला. हा आमच्याच टीमचा, टिलबर्गचा डच माणूस. ज्याचं रोजचं दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडवर चीज, त्याला ब्लॅकबेरी सापडली.

"काळी मिरी," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"धूर. आणि पावसात भिजलेला दगड," ग्रेग डोळे मिटून म्हणाला.

मी नाक आत घातलं. काही नाही. अजून आत घातलं, नाकाला गार वाइन लागली. तरी काही नाही. ना बेरी, ना मिरी, दगड तर लांबच. मी दुसरा ग्लास घेतला. काही नाही. तिसरा. चौथा. घोट घेऊन बघितला तर जिभेला फक्त थंडी वाजली.

आधी वास जातो, हे आईचं वाक्य मला आठवलं.

"मंदार," ग्रेग म्हणाला, "पहिल्या आणि दुसऱ्या वायनरीत तुला काय फरक वाटतो?"

"दुसरी," मी म्हणालो, "जास्त शांत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मळ्यातल्या बाईंनी तर हे लिहून घेतलं. मी माइक बंद केला आणि स्वयंपाकघरात पळालो.

फडताळातली हिंगाची डबी उघडली आणि नाकाशी धरली. नाकात कोरडी पूड गेली, शिंक आली, वास आला नाही. परत हुंगलं. आमच्या घरच्या हिंगाची बंद पिशवी विमानात सामानाच्या कप्प्यात ठेवली तर वर बसलेल्यांना भूक लागते, इतका त्याचा लौकिक! आणि मला काही नाही. आमच्याकडे हिंग म्हणजे सुप्रीम कोर्ट, त्यावर अपील नसतं. मला कोविड झाला होता.

दिवाणखान्यात परत जाणं शक्य नव्हतं, तिथे इरा चित्र काढत होती. मी टी-शर्ट नाकावर ओढला, श्वास रोखला आणि जिना चढलो. डच जिना शिडीसारखा उभा असतो. पहिल्या मजल्यावर आईच्या बंद दारावरून पाऊल न वाजवता गेलो आणि माळ्यावर पोचलो तेव्हा श्वास असा लागला होता की मला वाटलं, दुसरंही लक्षण आलं.

माळ्यावरून अश्विनीला फोन केला. ती बेडरूममध्ये ऑफिसच्या कॉलवर होती, पहिल्या मजल्यावर, आईच्या शेजारच्या खोलीत.

"अशू, वास गेला."

"कसला वास?"

"माझा. म्हणजे मला येत नाहीये. हिंगाचासुद्धा."

तिने ऑफिसचा कॉल बंद केला. मग म्हणाली, "शांत हो. दुसरं काहीतरी हुंगून बघ. मोजे हुंग."

हुंगले. काही नाही. (स्वतःच्या मोज्यांचा वास आजवर कुणाला आलाय, हा विचार तेव्हा सुचला नाही.) मग तिने इराच्या हाती एकेक वस्तू माळ्याच्या पायरीवर ठेवायला पाठवली. सुपरमार्केटातलं गुलाबाचं फूल आलं. चीजचा तुकडा आला. टोमॅटो आला, काकडी आली. कशालाच वास नाही! या देशात सगळं इतकं स्वच्छ आणि सुबक पिकवतात की वास येणारी वस्तू शोधायला परवाना लागावा. पण त्या क्षणी मी दोष देशाला दिला नाही, नाकाला दिला.

"काय?" अश्विनीने फोनवर विचारलं.

"टोमॅटोसुद्धा गेला," मी म्हणालो.

आता तीही घाबरली. तिने खोलीच्या खिडक्या उघडल्याचे आवाज आले.

मी माळ्यावरच्या गादीवर बसलो आणि सकाळपासूनचा दिवस आठवला. सकाळी मीच आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन. तिला हसू आलं होतं म्हणून मीही हसलो होतो, तसाच, मास्कशिवाय. तिला श्वास लागला तर? हॉस्पिटलात आम्हाला कुणाला आत सोडणार नाहीत. तिला डच येत नाही. इंग्रजी येतं, पण घाबरली की येत नाही. तिथल्या नर्सला ती 'पाणी' म्हणेल आणि नर्सला कळणार नाही. कोथिंबिरीला आंघोळ घालणारा मी, आणि शेवटी मीच हे तिच्यापर्यंत नेलं. मला रडू आलं. चाळीस वर्षांचा माणूस, हातात काकडी, आणि रडतोय. उठताना डोकं छताच्या तुळईवर आदळलं.

तो आवाज मालिकेपेक्षा मोठा असावा, कारण आईचं दार उघडलं.

"मंदार? वर काय करतोयस?"

"आई, वर येऊ नकोस. लांब राहा. दार लावून घे."

"मला वर यायला गुडघा आहे का? काय झालं ते सांग."

"वास गेला माझा."



"कशाचा?"

"सगळ्याचा. हिंगाचासुद्धा नाही येत."

"हिंगाचा?" आईचा आवाज बारीक झाला. "आपल्या डबीतल्या?"

"हो."

मग तिने कठड्याला धरून एक पायरी चढल्याचा आवाज आला.

"मंदार, तू आधी खाली ये बाळा. त्या डबीत हिंग नाहीये."

मला वाटलं, तापही चढला आणि भास व्हायला लागले.

"हिंग संपलं रे मागेच," आई सांगायला लागली. "शेवटचं डबी खळबळून आमटीत ओतलं. मग त्यात तांदळाची पिठी भरली. चिमूटभर हळद घातली रंगाला."

"मग रोज सकाळी आम्ही काय हुंगत होतो?"

"पिठीच."

"आणि आम्ही 'येतोय' म्हणत होतो?"

"हो ना! पहिल्या दिवशी मलाच धाकधूक होती, आता पकडणार तुम्ही. तर तू म्हणालास, 'आज जरा स्ट्राँग येतोय.'"

म्हणालो होतो. जूनमध्ये इथे गवताचे परागकण उडतात आणि माझं नाक दहा वाजेपर्यंत बंदच असतं. पण 'येत नाही' म्हटलं असतं तर आईने जेवण सोडलं असतं, म्हणून मी रोज 'येतोय' म्हणायचो. एवढ्यात अश्विनी खोलीतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "मला साडेआठचा कॉल असतो, आई. मी हुंगतच नव्हते." आमच्या मधल्या पायरीवर टोमॅटो घेऊन बसलेली इरा म्हणाली, "आय थॉट इट्स लाइक प्रसाद. यू जस्ट से येस."

"पण आई," मी वरूनच विचारलं, "संपलं होतं तर सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू टिलबर्गला गेला असतास, त्या इंडियन दुकानात. ट्रेनने. मी ओळखत नाही का तुला? आणि हजेरी बंद केली असती तरी विचारलं असतंस, हिंग संपलं का." ती अजून एक पायरी चढली. "माझ्या चिमूटभर हिंगापायी तुला काही झालं असतं, तर मी काय करणार होते या परक्या देशात? रात्री तू खोकलास की मी तुझ्या दाराशी येऊन उभी राहते, माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. मी तिला जपतोय, या गर्वात मी तीन महिने काढले होते आणि ती त्या दुखऱ्या गुडघ्यावर माझा पहारा करत होती. मी काकडी बाजूला ठेवली.

अश्विनी मात्र लॉजिस्टिक्सवाली. एक माल पोचला म्हणून दुसरा विसरत नाही. "एक मिनिट. हिंगाचं कळलं. पण तू हिंगापाशी गेलासच कशाला? आधी कशाचा वास आला नाही?"

"सरबताचा," मी म्हणालो.

"कसलं सरबत?" आईने विचारलं.

"द्राक्षाचं."

"आई, वाइन आहे ती," अश्विनीने सांगून टाकलं. "त्याच्या ऑफिसची. वॉशिंग्टनहून आलीय." आणि मग माझ्याकडे वळून, "तू त्या बाटल्या कुठे ठेवल्या होत्यास?"

"शेडमधल्या फ्रीझरमध्ये. सकाळपासून."

"रेड वाइन?"

"दारू गारच पितात ना?"

तिने कपाळाला हात लावला. "अरे, गोठलेल्या आइस्क्रीमला तरी वास येतो का? तासभर होत आला ग्लास त्या भट्टीत पडलेत. खाली चल आणि आत्ता हुंग."

आमची वरात निघाली. पुढे मी, मास्क लावून. मागे दीड मीटर सोडून अश्विनी आणि तिच्या मागे आई, एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने इरा. हिंगाचा खटला खोटा निघाला होता, पण वाइनचा निकाल अजून लागायचा होता. आता जर वास आला नाही, तर पुढे द्यायला कुठलीच सबब शिल्लक नव्हती.

टेबलाशी उभं राहून मी मास्क खाली केला आणि पहिल्या ग्लासात नाक घातलं.

जांभूळ! पिकून फुटलेलं, जमिनीवर पडलेलं जांभूळ. मागून मिरीचा झटका. मी डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय?" आई दारातून म्हणाली.

मी हातानेच थांब म्हटलं. दुसरा ग्लास घेतला. यात खरंच धूर होता, चुलीवर तापलेल्या पाण्यासारखा. तिसऱ्यात कसलातरी मसाला होता, दालचिनीच्या जवळपासचा. चौथ्याला ओल्या गोणपाटाचा वास येत होता आणि इतका सुंदर गोणपाट मी जन्मात हुंगला नव्हता. चार वायनरींचे चार निराळे वास, आणि चारही मला येत होते. मी टेबलाला धरून हमसून हमसून रडलो.

"ही दारू आहे ना?" आईने विचारलं.

"हो, आई."

"वास येतोय?"

"येतोय."

"खरा येतोय की सकाळसारखा?"

"खरा येतोय."

"मग परत हुंग," आई डोळे पुसत म्हणाली. "चारही परत हुंग. मला खात्री पाहिजे."

म्हणून मी आईच्या देखरेखीखाली वॉशिंग्टनच्या चारही वाइन पुन्हा हुंगल्या आणि प्रत्येक ग्लासागणिक पुन्हा रडलो. तेव्हा कुठे माझं लॅपटॉपकडे लक्ष गेलं. तासाभरापूर्वी मी बंद केला होता तो फक्त माइक. कॅमेरा चालू होता. पडद्यावर सगळी टीम हातात ग्लास धरून माझ्याकडे बघत बसली होती. योस्टचं तोंड उघडं होतं. मी माइक सुरू केला.

"मंदार," ग्रेग ग्लास खाली ठेवून म्हणाला. "मी वीस वर्षं या वाइन पितोय. त्या चाखून कुणाला एवढं भरून आलेलं मी पाहिलं नाही. आणि तू घरच्यांनाही बोलावून घेतलंस."

मागून आईने त्याला नमस्कार केला.

"आता तूच सांग," तो म्हणाला. "चारांपैकी कुठली वायनरी सर्वांत चांगली?"

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. मी म्हणालो, "सगळ्यांना वास येतोय. सगळ्यांना!"

मळ्यातल्या बाईंनी छातीवर हात ठेवला.

आई पुढे विमानं सुरू झाल्यावर धडधाकट पुण्याला पोचली. माझं मात्र ऑफिसात नाव झालं. अजूनही कंपनीचं जेवण असलं की वाइनची पहिली बाटली माझ्यापुढे येते. मी ग्लास फिरवतो, डोळे मिटून हुंगतो आणि वास आला की समाधानाने मान हलवतो. नवीन आलेल्या पोरांना योस्ट कानात सांगतो, याला एक घोटही घ्यावा लागत नाही, नुसत्या वासावरून कळतं. कळतं ना. आज आपल्याला कोविड झालेला नाही, एवढं अगदी नक्की कळतं.